व्हायकिंग लुटून घरी गेले म्हणे! मग इंग्लंडात नांगर कुणी धरला?

परत तोच फॉरवर्ड, व्हायकिंगांवरचा (हजार-बाराशे वर्षांपूर्वीचे नॉर्वे-डेन्मार्ककडचे दर्यावर्दी), एका दिवसात तीन ग्रुपवर. शिंगांचं हेल्मेट घातलेला दाढीवाला आणि खाली मजकूर: व्हायकिंग म्हणजे अडाणी, घाणेरडे दरोडेखोर, बोटीतून आले, मठ लुटले, घरी गेले, मागे राखेशिवाय काही ठेवलं नाही.

शिंगांचं आधी उरकतो. ती 1876 च्या, जर्मन संगीतकार वाग्नरच्या ऑपेरातल्या कपडेपटानंतर रूढ झाली. नॉर्वेत ग्येर्मुंडबूला 1943 मध्ये खरं हेल्मेट सापडलं, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी लोखंडी पट्टी आहे पण शिंग एकही नाही.

आता 'लुटलं आणि घरी गेले'. 793 मध्ये इंग्लंडातल्या लिंडिसफार्नचा मठ लुटला, हे खरंच आहे. पण 865 मध्ये त्यांची जी मोठी फौज इंग्लंडात उतरली ती हिवाळ्यातसुद्धा परत गेली नाही, पुढच्या वर्षी यॉर्क शहर घेतलं, आणि 876 सालाखाली अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल या इंग्रजांच्याच जुन्या बखरीत चक्क लिहिलंय की त्यांच्या हाफडान या म्होरक्याने नॉर्थंब्रियाची, म्हणजे उत्तर इंग्लंडची जमीन वाटून दिली आणि ही माणसं नांगरट करून पोट भरायला लागली. शत्रूच्याच वहीतली नोंद आहे ही! नकाशा बघा, ग्रिम्सबी, डर्बी, व्हिटबी यातलं 'बी' म्हणजे गाव, स्कनथॉर्पमधलं 'थॉर्प' म्हणजे साधारण आपली वाडी. लुटून पळणारा वाडी कशाला वसवेल?

'मागे फक्त राख' वाल्यांनी यॉर्कची कॉपरगेट गल्ली बघावी. नावात तांबं नाही, 'गेट' म्हणजे दरवाजाही नाही, नॉर्स म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेत तो रस्ता, लाकडी वाट्या-पेले करणाऱ्यांची आळी. 1976 ते 81 तिथे खोदकाम झालं, आणि जमीन ओलसर असल्याने लाकूड, चामडं सगळं टिकलेलं, वाट्या कातताना उरलेले लाकडाचे गाभे, चामड्याचे जोडे, एकाच सुईने विणलेला लोकरीचा मोजा, हरणाच्या शिंगाच्या फण्या. (शिंगं होती ती अशी, डोक्यावर नाही, डोक्यातून फिरवायला.)

आणि भाषा? इंग्रजीतले एग, नाइफ, स्काय हे शब्द त्यांचे. विंडो म्हणजे मुळात 'वाऱ्याचा डोळा'. पण खरी कमाल दे, देम, देअर (ते, त्यांना, त्यांचं) ही सर्वनामं. आपण फारसीतून दुकान घेतलं, वकील घेतला, पण 'ते' आणि 'त्यांना' घेतलं का? सर्वनामं उसनी घ्यायला शेजारी राहावं लागतं, लग्नं व्हावी लागतात, एका चुलीवर जेवावं लागतं.

'घाणेरडे' वर तर हसूच येतं. नंतरच्या एका इंग्लिश इतिवृत्तकाराची तक्रार नेमकी उलटी आहे, की हे डेन लोक (म्हणजे हेच व्हायकिंग) रोज केस विंचरतात, दर शनिवारी अंघोळ करतात, वरचेवर कपडे बदलतात आणि त्यामुळे आमच्या बायका यांना भुलतात. आइसलँडिकमध्ये शनिवारचं नाव आजही 'अंघोळीचा वार' असंच आहे.

आता कुणीतरी दुसरं टोक गाठणार, की मग ते बिचारे साधे व्यापारी होते. अजिबात नाही. डब्लिनला 841 मध्ये त्यांनी बोटींसाठी तटबंदीचा तळ टाकला, त्याचं शहर झालं, तिथल्या सित्रिक राजाने 997 च्या सुमारास आयर्लंडमधली पहिली नाणी पाडली, आणि त्याच बंदरात आसपासच्या मुलखातून धरून आणलेली माणसं गुलाम म्हणून विकली जायची.