‘तीस वर्षे झाली, गाळा तुमचा’: गाळेधारकांत फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

गेल्या रविवारी आतेभावाच्या दुकानात गेलो, तेव्हा काउंटरच्या काचेखाली, बटणांच्या नमुना-पट्टीशेजारी, महापालिकेची भाडेवाढीची नोटीस सरकवून ठेवलेली दिसली. तिच्यावरची सुनावणीची तारीख उलटून अकरा दिवस झाले होते. महापालिकेच्या मंडईतील या गाळ्यात दादा चौतीस वर्षे शिलाईचे साहित्य विकतो आहे. अस्तर, चेन, दोरे, काज-बटणे. सुनावणीला का गेला नाहीस, असे विचारल्यावर त्याने शांतपणे मोबाइल पुढे केला आणि म्हणाला, “हे वाच. जायची गरजच नाही.”

तो संदेश आता आमच्या नातेवाइकांच्या गटातही आला आहे आणि राज्यातील निरनिराळ्या शहरांतील गाळेधारक तो एकमेकांना पाठवत आहेत, म्हणून त्याचा सारांश आधी देतो. त्यात म्हटले आहे की, भाडेनियंत्रण कायद्यानुसार वर्षाला चार टक्क्यांहून अधिक भाडेवाढ करताच येत नाही. तीस वर्षे ताबा असलेला गाळेधारक कायद्याने मालक होतो. नव्या दराने एक रुपया जरी भरला तरी जुने सर्व हक्क बुडतात, म्हणून कोणीही भरू नये आणि सुनावणीला जाऊन सही करू नये. सार्वजनिक संस्थेला भाड्यातून नफेखोरी करता येत नाही असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल असल्याने सगळी भाडेवाढ बेकायदा आहे. आणि रेडी रेकनरच्या, म्हणजे शासनाने ठरवलेल्या मालमत्तेच्या बाजारमूल्याच्या, आठ टक्के भाडे लावून गरीब दुकानदाराला हुसकावण्याचा हा डाव आहे. शेवटी, अर्थातच, ‘प्रत्येक गाळेधारकापर्यंत पोहोचवा’.

चार टक्क्यांचा मुद्दा फार वेळ घेणारा नाही. महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ११ मध्ये वर्षाला चार टक्के वाढीची तरतूद आहे, हे खरे आहे. परंतु त्याच अधिनियमाचे कलम ३ सांगते की शासनाच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या जागांना हा कायदा लागूच नाही. संदेश लिहिणाऱ्याने अकरावे कलम वाचले आणि तिसरे वाचले नाही, किंवा वाचून गाळले. महापालिकेच्या गाळ्याला लागू होतो तो महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९. त्याच्या कलम ७९ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की महापालिकेची स्थावर मालमत्ता विकताना किंवा भाडेपट्ट्याने देताना येणारा मोबदला चालू बाजारमूल्यापेक्षा कमी असता कामा नये. म्हणजे भाडेपट्ट्याची मुदत संपलेला गाळा जुन्याच भाड्याने पुढे चालू ठेवणे ही आयुक्तांची दयाबुद्धी ठरत नाही, तो कायद्याचा भंग ठरतो, आणि लेखापरीक्षणात नेमक्या याच गोष्टीवर आक्षेप निघतात.

तीस वर्षांचा मुद्दा मात्र असा आहे की तो वाचून मला प्रथम हसू आले आणि मग दादाचा चेहरा पाहून ते मावळले. त्याचा त्यावर मनापासून विश्वास बसला होता. ही कल्पना कोठून आली, हे शोधणे अवघड नाही. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार मालकाविरुद्ध, उघडपणे आणि आपलाच हक्क सांगत बारा वर्षे जमीन ताब्यात ठेवणाऱ्याला त्या मालमत्तेवर हक्क सांगता येतो. शासनाच्या जमिनीसाठी हाच काळ तीस वर्षांचा आहे. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रतिकूल ताब्याच्या आधारे दावाही लावता येतो, असे ठरवले, तेव्हा ‘बारा वर्षे राहिलात की घर तुमचे’ अशा मथळ्यांचे पेव फुटले होते. त्या मथळ्यांनी दोन गोष्टी सांगितल्या नाहीत. एक म्हणजे, सार्वजनिक उपयोगाच्या मालमत्तेवर असा हक्क निर्माण होऊ नये, असे मत न्यायालयाने त्याच निकालात नोंदवले आहे. दुसरी अधिक साधी आहे: हा ताबा मालकाच्या विरोधात असावा लागतो, आणि भाडेकरूचा ताबा मालकाच्या परवानगीने असतो. भाडेकरू म्हणून आत शिरलेल्या माणसाला भाडेकरू असेपर्यंत घरमालकाची मालकी नाकारता येत नाही, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यात होते आणि त्याच्या जागी आलेल्या नव्या कायद्यातही आहे.

दादाने गल्ल्याखालच्या खणातून पावत्यांचा गठ्ठा काढला. रबराने बांधलेला, कडा पिवळ्या पडलेला, सगळ्यात जुनी पावती १९९० च्या आसपासची. “एवढा पुरावा आहे माझ्याकडे,” तो अभिमानाने म्हणाला. मला त्याला सांगावे लागले की दादा, या प्रत्येक पावतीवर ‘भाडे’ असा शब्द आहे आणि पैसे महापालिकेकडे जमा झाल्याचा शिक्का आहे. तू चौतीस वर्षे दरमहा स्वतःच्या हाताने लिहून देत आला आहेस की हा गाळा तुझा नाही. मालकी सिद्ध करण्यासाठी न्यायालयात हा गठ्ठा घेऊन जाणारा माणूस समोरच्या वकिलाचे काम अर्धे करून ठेवतो. तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि मलाही ते सांगताना बरे वाटले नाही.

पण मालकीचा भ्रम निदान फुकट तरी आहे. ‘भरू नका आणि सुनावणीला जाऊ नका’ या सल्ल्याची किंमत मोजावी लागते. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ८१-ब नुसार दोन महिन्यांहून अधिक काळ भाडे थकवणे हे महापालिकेच्या जागेतून निष्कासित करण्याचे स्वतंत्र कारण आहे. म्हणजे ज्या गाळेधारकाकडे आजवर एकही दोष नव्हता, त्याच्या हातून हा संदेश नेमका तोच दोष घडवून आणतो. नव्या दराने भरल्यास हक्क बुडतात, हे तर निखालस खोटे आहे. वादग्रस्त रक्कम ‘हक्क अबाधित ठेवून’, म्हणजे बाजारात सगळे म्हणतात तसे ‘अंडर प्रोटेस्ट’, भरण्याची पद्धत मंडईतल्या कोणत्याही कर सल्लागाराला ठाऊक असते, आणि असे पैसे भरणारा माणूस पुढे अपिलातही जाऊ शकतो आणि न्यायालयातही.

सुनावणी टाळल्याने दादाचे काय गेले, ते आकड्यांत सांगतो. त्याचे जुने भाडे महिन्याला ३४० रुपये. नोटिशीतील नवे भाडे २,६०० रुपये. मुदत संपल्यापासूनच्या सहा वर्षांचा फरक, म्हणजे बहात्तर महिन्यांचे दरमहा २,२६० रुपये, एकूण १ लाख ६२ हजार ७२० रुपये. हा आकडा पाहूनच त्याने नोटीस काचेखाली सरकवली होती. पण नोटिशीच्या दुसऱ्या पानावर क्षेत्रफळ १४० चौरस फूट लिहिले होते. त्याच्याच कापड मोजायच्या टेपने आम्ही गाळा मोजला: दहा फूट गुणिले अकरा, म्हणजे ११०. उरलेले तीस चौरस फूट म्हणजे शटरबाहेरचा तीन फुटी ओटा, जिच्यावरून सगळी मंडई ये-जा करते अशी सामाईक जागा. त्याच दराने ११० चौरस फुटांचे भाडे सुमारे २,०४३ रुपये येते. म्हणजे दरमहा साधारण ५५७ रुपये आणि सहा वर्षांत चाळीस हजारांच्या वर रक्कम केवळ मोजणीच्या चुकीने त्याच्या नावावर चढली होती. सुनावणी असते ती याचसाठी. तिथे टेप आणि नकाशा घेऊन उभा राहणारा माणूस पाच मिनिटांत जी चूक दाखवू शकला असता, ती आता लेखी अर्ज, स्मरणपत्र आणि फेऱ्यांनी दुरुस्त करून घ्यावी लागणार आहे. संदेश लिहिणाऱ्याचे यात काहीही बिघडत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाबद्दल मला नाइलाजाने अर्धी कबुली द्यावी लागते. असा निकाल आहे. जमशेद होर्मसजी वाडिया विरुद्ध मुंबई बंदर विश्वस्त मंडळ या प्रकरणात २००४ मध्ये न्यायालयाने सांगितले की सार्वजनिक संस्था घरमालकाच्या भूमिकेत असली तरी तिला न्याय्य आणि वाजवी वागावे लागते; तिला खासगी मालकासारखी भाड्याची पिळवणूक, नफेखोरी किंवा लहरीपणाने निष्कासन करता येत नाही. हे वाक्य संदेशात आहे आणि ते बरोबर आहे. परंतु तो वाद कशाचा होता, हे संदेशात नाही. मुंबई बंदराच्या जमिनींवरील भाडेकरू वर्षानुवर्षे जुन्या दराने भाडे देत होते, विश्वस्त मंडळाने ते बाजारमूल्याच्या आधारे वाढवले, आणि त्यावरून हे प्रकरण वीस वर्षांहून अधिक काळ चालले. न्यायालयाने भाडेवाढच रद्द करून जुने दर कायम केले नाहीत. बाजारभाव पाहून भाडे सुधारण्याचा मार्ग मान्य केला आणि त्याला वाजवीपणाचा लगाम घातला. म्हणजे हा निकाल गाळेधारकाच्या हाती हत्यार देतो, पण ते ‘किती वाढ’ यावर चालते, ‘वाढच नको’ यावर चालत नाही. दादाच्या प्रकरणात तर ते नेमके उपयोगी आहे: सहा वर्षे महापालिकेने मागणी केली नाही, पावत्या जुन्याच दराने फाडल्या, आणि मग एका दिवसात सहा वर्षांचा फरक मागितला, हे वाजवी आहे का? हा प्रश्न विचारण्यासाठी तो निकाल सोबत न्यावा. घरी बसण्यासाठी तो नाही.

आठ टक्क्यांचा आकडा शिळा आहे. २०१९ च्या भाडेपट्टा नूतनीकरण नियमांत चालू बाजारमूल्याच्या आठ टक्के असा दर आला होता आणि त्यावर राज्यभर ओरड झाली, ती रास्तच होती. वीस लाखांच्या गाळ्याला आठ टक्क्यांनी वर्षाला १ लाख ६० हजार, म्हणजे महिन्याला तेरा हजारांवर भाडे होते. २०२३ मधील दुरुस्तीने हा दर खाली आणून व्यावसायिक जागांसाठी ०.७ टक्क्यांपेक्षा कमी नसावा, असे ठरवले गेले. त्याच गाळ्याचे हे किमान भाडे वर्षाला १४ हजार, महिन्याला १,१६७ रुपये येते. अर्थात ही खालची मर्यादा आहे. महापालिका त्याहून अधिक दर ठरवू शकते, आणि दादाच्या नोटिशीत तो तसा ठरवलेला आहेच. तरीही २,६०० आणि तेरा हजार यांत फरक आहे, आणि ज्याला घाबरवून दाराआड बसवायचे आहे त्यालाच जुना आकडा सांगितला जातो.

राहिला ‘गरीब दुकानदार’. दादासारखे स्वतः गाळ्यात बसणारे लोक आहेत, आणि फेरलिलाव झाला तर मोठ्या बोलीपुढे ते टिकणार नाहीत, ही भीती खोटी नाही. मोठ्यांच्या बाबतीत सरकारे किती सावकाश चालतात, तेही दिसते: मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला आणि पुढची व्यवस्था ठरायला २०२४ उजाडले. मंडईतल्या माणसाला तेवढी उसंत कोणी देत नाही. हे सर्व मान्य करूनही, याच मंडईतून एक फेरी मारावी. दादाच्या रांगेतील अनेक गाळ्यांत बसणारा माणूस मूळ गाळेधारक नाही. मूळ गाळेधारक महापालिकेला ३४० रुपये भरतो आणि आत बसलेल्याकडून दहा-बारा हजार घेतो, कोठलीही पावती न देता. जुने भाडे टिकले तर लाभ त्याचा होतो. आत राबणाऱ्याला तर रस्त्यापलीकडच्या खासगी इमारतीइतकेच भाडे आजही पडते. संदेशात पोटभाड्याबद्दल एक अक्षर नाही, याचे मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. विनापरवाना पोटभाडेकरू ठेवणे हेही त्याच कलम ८१-ब मध्ये निष्कासनाचे कारण आहे.

फेरीवाल्यांच्या २०१४ च्या कायद्याचा उल्लेखही संदेशात घुसडला आहे. तो कायदा पथविक्रेत्यांसाठी आहे, पक्क्या गाळ्याच्या भाडेपट्ट्याशी त्याचा संबंध नाही. एवढे पुरे.

जळगावकडे मात्र दादाने पाहावे, असा मी आग्रह धरला. तेथील महापालिकेच्या व्यापारी संकुलांतील गाळ्यांची मुदत २०१२ मध्ये संपली आणि तो वाद महासभा, न्यायालय आणि मंत्रालय यांच्यामध्ये वर्षानुवर्षे फिरत राहिला. त्या काळात थकबाकीचे आकडे थांबले नाहीत, वाढत गेले. ‘भरू नका’ म्हणणाऱ्यांपैकी कोणीही ती रक्कम वाटून घ्यायला पुढे येत नसते.

सोमवारी आम्ही दोघे मालमत्ता विभागात गेलो. चुकलेल्या सुनावणीऐवजी नवी तारीख मिळावी, ओट्याचे क्षेत्रफळ वगळावे आणि सहा वर्षांच्या फरकाचे हप्ते करावेत, असा एक पानी अर्ज आणि सोबत गाळ्याचा हाताने काढलेला नकाशा होता. चालू महिन्याचे भाडे नव्या दराने भरले. पावतीवर ‘हक्क अबाधित ठेवून’ असे लिहायला खिडकीतल्या कारकुनाने नकार दिला, तशी सोय संगणकात नाही म्हणाला. म्हणून ते शब्द अर्जातच लिहिले आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतला. बाहेर आल्यावर दादाने त्या प्रतीची घडी घालून पावत्यांच्या गठ्ठ्यात खोवली, आणि मग मोबाइल काढून मला विचारले, “आता हा मेसेज मी ज्यांना पाठवला, त्या अठरा जणांना काय सांगू?”