गम काढण्याला काम कधी म्हणणार?

जुनी फरशी उखडली की निम्मे काम झाले, असे जो कोणी सांगतो त्याला त्या फरशीखालचा, तिला चिकटवून ठेवणारा गम एकदा स्वतःच्या हाताने काढायला लावावा, असे मला अगदी मनापासून वाटते. कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात तोडफोडीचा दर असतो, नव्या टाइल बसवण्याचा दर असतो, सांधे भरण्याचाही असतो. कोब्यात मुरलेला आणि वर्षानुवर्षे पायांखाली दाबून बसलेला तो पिवळट थर मात्र 'जागा साफ करणे' या तीन शब्दांत उरकलेला असतो. साफ करणे म्हणे! तो काय झाडूने निघणार आहे?

खरवडणी लावली की एखाद्या ठिकाणी तळहाताएवढा टवका सहज उडतो आणि उमेद वाटते, पण त्याला लागूनच पाते बोथट होईपर्यंत घासले तरी नखाएवढी खपली सुटत नाही. ग्राइंडरला हिऱ्याची वाटी, म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेले वाटीसारखे चाक लावावे, तर सिमेंटचा गम भुगा होऊन निघतो हे खरे. रबरी गम मात्र घर्षणाच्या उष्णतेने मऊ पडतो, वाटीच्या दातांत भरतो आणि चाक नुसते गमावरून घसरत राहते. थिनर ओतण्याचा सल्ला देणारे तर डोक्यात जातात, कारण विरघळलेला गम वर येण्याऐवजी काँक्रीटच्या छिद्रांत आणखी खोल शिरतो आणि पुढे नव्या मसाल्याला पकड मिळू देत नाही.

धुळीबद्दल तर बोलायलाच कोणी तयार नसते. काँक्रीट घासताना उडणाऱ्या बारीक धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसांत साचली तर सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो आणि तो बरा होत नाही. तरीही कामगाराच्या तोंडाला रुमाल बांधून त्याला बंद खोलीत ग्राइंडर चालवायला लावतात, ना यंत्राला व्हॅक्यूम जोडतात, ना धड मास्क देतात. जुन्या इमारतींतल्या व्हिनाइल टाइलखाली काळा डांबरी गम निघाला, तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून गेल्यास घातक ठरणारे खनिज तंतू असू शकतात, म्हणून तपासणीशिवाय तो कोरडा घासायचाच नसतो. हे माहीत असूनही 'काही होत नाही' म्हणणाऱ्याला माणसाच्या जिवाची किंमत नाही, असेच मी म्हणेन.

आणि मग येते ते ठरलेले वाक्य: "राहू द्या हो, वरूनच बसवून टाकू." कशावर बसवणार? सिमेंटचा मसाला काँक्रीटच्या छिद्रांत शिरून घट्ट होतो, तिथेच त्याची पकड असते. ती छिद्रे गमाने बुजलेली असतील, तर नवी टाइल काँक्रीटला न चिकटता जुन्या गमाच्या भरवशावर राहते, आणि तो सुटला की टाइल पोकळ वाजू लागते, सांधे फुटतात, कोपरे उचलले जातात. पातळ आणि पक्क्या बसलेल्या थरावर चालणारे काही प्राइमर मिळतात, हे मला मान्य आहे. पण ते वापरणेही उंचवटे खरवडल्यानंतरचेच काम आहे. मोठ्या टाइलसाठी 3 मीटरच्या पट्टीखाली 3 मिलिमीटरहून जास्त फरक चालत नाही आणि गमाच्या गाठी तेवढी उंची आरामात खातात.

पारख करायला पाण्याचे चार थेंब पुरतात. थेंब जिरला आणि जागा गडद झाली, तर काँक्रीट मोकळे झाले. तो मण्यासारखा वर बसून राहिला, तर गम अजून आत आहे. एवढी साधी चाचणी केल्याशिवाय मसाला कालवायला घेणाऱ्या मिस्त्रीला तिथेच थांबवण्याचा हक्क घरमालकाला आहे. अंदाजपत्रकात गम काढण्याची वेगळी ओळ, वेगळा दर आणि वेगळे दिवस लिहिलेले नसतील, तर त्या कागदावर सही करू नका.