‘लहान मुलांचा कोर्स’ म्हणणाऱ्यांसाठी

ऑफिसमध्ये लंचच्या वेळी वीकेंडचा विषय निघाला, मी म्हटलं आम्ही डिस्क गोल्फ खेळायला जातो, त्या कॉलेजच्या कॅम्पसवर नऊ बास्केटचा कोर्स आहे ना, तिथे. तर एक जण फिस्सकन हसला आणि म्हणाला, "अगं तो तर लहान मुलांचा कोर्स!" (मराठीच आहे बरं का, आमच्या टीममध्ये आम्ही तीन-चार जण आहोत.) तेव्हा माझ्या तोंडात घास होता म्हणून राहिलं, पण डोक्यातून काही जात नाहीये, त्यामुळे आज सविस्तर लिहितेय. वाचा नाहीतर स्क्रोल करा, राग नाही.

ज्यांना हा प्रकार माहीतच नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. नियम बरेचसे गोल्फचेच, फक्त काठी-बॉलच्या जागी प्लास्टिकची डिस्क आणि खड्ड्याच्या जागी खांबावर बसवलेली लोखंडी बास्केट, जिच्यावर साखळ्या लोंबत असतात. टीवरून (म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून) फेकायची, जिथे पडेल तिथे जाऊन परत फेकायची, साखळ्यांना लागून बास्केटमध्ये पडली की तो होल, म्हणजे एका बास्केटचा टप्पा, संपला. कमीत कमी फेकीत संपवेल तो जिंकला. एड हेडरिक नावाचा माणूस होता, व्हॅम-ओ कंपनीत फ्रिस्बीवर काम करायचा, त्याने १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात पासाडेनाजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमस्वरूपी कोर्स बसवला. तेव्हा नुसते खांब होते, साखळ्यांची बास्केटही नंतर त्यानेच काढली. २००२ मध्ये तो गेला तेव्हा त्याच्याच इच्छेप्रमाणे त्याची राख प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवल्या! माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, हे सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, "आपण पाण्यात सोडतो, ह्यांनी हवेत सोडल्या."

आता आम्ही राहतो शार्लटला, नॉर्थ कॅरोलायनात. इथे ह्या खेळाचं वेड भयंकर आहे. २०१२ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप इथेच झाली होती. आणि अर्ध्या-पाऊण तासावर, साउथ कॅरोलायनात रॉक हिल गावात विन्थ्रॉप युनिव्हर्सिटी आहे, तिच्या कॅम्पसवर १९९९ पासून युनायटेड स्टेट्स डिस्क गोल्फ चॅम्पियनशिप भरते. म्हणजे कॅम्पसवरचा डिस्क गोल्फ म्हणजे पोरखेळ, असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी विन्थ्रॉपचा सतरावा होल यूट्यूबवर बघावा. बास्केटच्या भोवती गवताच्या पेंढ्यांचं कुंपण घातलेलं असतं, डिस्क त्याच्या आत पडली तर पडली, नाहीतर दंड. मोठमोठ्या खेळाडूंची तिथे पाचावर धारण बसते. तिथल्या बाकीच्या कोर्सवरही पिवळे दोर लावलेले, दोराच्या पलीकडे डिस्क गेली की एक फेक वाढली.

आमचा कोर्स ह्यातला नाही. आमचा खरंच सोपा आहे आणि मी म्हणते ते हेच की सोपा आहे म्हणूनच तो चांगला आहे.

इथल्या अनुभवी मंडळींचं एक ठरलेलं असतं, कोर्स म्हणजे जंगलातून जाणारा, चारशे-पाचशे फुटांचे होल, मध्ये ओढा, उतारावर बास्केट. आम्हीही गेलोय अशा ठिकाणी. काय होतं सांगू? नवीन माणूस पहिल्या होलला झाडावर मारतो, दुसऱ्याला झुडपात घालवतो, मग पंधरा मिनिटं सगळे मिळून डिस्क शोधतात, पायाखाली पॉयझन आयव्ही (तीन-तीन पानं दिसली की लांब राहायचं, हे इथे आल्यावर पहिलं शिकले), उन्हाळ्यात कॉपरहेड सापाची भीती वेगळीच, मागे चार तरबेज लोक कमरेवर हात ठेवून वाट बघत उभे. तो माणूस परत येत नाही. आणि मग हेच लोक म्हणतात की आपल्या लोकांना आउटडोअर गोष्टींची आवडच नाही!

ह्याउलट कॅम्पसवर काय आहे बघा. दीडशे ते अडीचशे फुटांच्या आतले होल, बहुतेक झाडं मोठी आणि त्यांच्या फांद्या उंचावर, खाली कापलेलं गवत, त्यामुळे डिस्क हरवणं जवळजवळ अशक्य. सगळे पार थ्री, म्हणजे तीन फेकीत संपावेत असे धरलेले. चुकली फेक तरी दुसऱ्या फेकीला बास्केट समोर दिसते. एक-दोन तासात नऊ होल निवांत होतात, गप्पा मारत. पैसे नाहीत, बुकिंग नाही, गेटवर ‘कुणाकडे आलात’ विचारणारं कुणी नाही. यूडिस्क नावाच्या ॲपवर नकाशा असतो, पुढची बास्केट कुठे आहे ते त्यात दिसतं आणि स्कोअरही तिथेच ठेवता येतो.

तिसरा होल माझा आवडता. टी पार्किंग लॉटच्या कडेला, सिमेंटचा छोटा चौथरा, बास्केट लायब्ररीच्या मागच्या हिरवळीवर, आणि मधून जाणारा फूटपाथ. गंमत अशी की तुम्ही हात मागे नेऊन अगदी फेकणार, तेवढ्यात कानात इअरबड घातलेला एक पोरगा मोबाइलमध्ये डोकं खुपसून बरोब्बर मधे येतो. थांबायचं. चालणाऱ्याचा हक्क पहिला, हा कॅम्पसवरचा पहिला नियम. तो गेला की त्याची मैत्रीण येते. परत थांबायचं. डाव्या बाजूला स्वीटगमचं झाड आहे, त्याची काटेरी बोंडं खाली पसरलेली असतात, डिस्क तिथे पडली की मिनी मार्कर (जागा दाखवायची छोटी डिस्क) ठेवून पाय कुठे टेकवायचा हाच प्रश्न. पण उजवीकडून किंचित बाहेरून फेकली ना, तर ती फूटपाथवरून तरंगत जाते आणि शेवटी आपोआप डावीकडे वळून बास्केटच्या पायाशी येऊन बसते. उजव्या हाताने बॅकहँड फेकणाऱ्याची डिस्क वेग कमी झाला की डावीकडेच वळते, त्यात आपली करामत काही नाही, पण बघणाऱ्याला वाटतं वा!

त्यावरून आठवलं, डिस्कबद्दल. प्रत्येक डिस्कवर बहुधा ती कशी उडेल हे सांगणारे चार आकडे असतात, स्पीड, ग्लाइड, टर्न, फेड. नवीन माणूस दुकानात जातो आणि सगळ्यात मोठा स्पीड बघून घेतो, जास्त स्पीड म्हणजे जास्त लांब, सरळ हिशोब. लंचवाल्या आमच्या साहेबांच्या बॅगेत डिस्ट्रॉयर आहे, स्पीड बारा. आता ही डिस्क नीट उडायला तिला तेवढा वेग द्यावा लागतो, प्रो लोकांचा हात देतो तो, आपल्यासारख्याने फेकली की ती शंभर-दीडशे फुटांवर जाऊन डावीकडे कोसळते. त्यापेक्षा स्पीड दोनची साधी पटर (जवळून बास्केटमध्ये टाकायची डिस्क), एव्हिअर वगैरे, सरळ जाते आणि बऱ्याचदा तेवढीच लांबही जाते. कॅम्पसचा आख्खा कोर्स एका पटरवर खेळता येतो. मी तसाच खेळते. फार तर स्पीड सहाची लेपर्ड ठेवा सोबत, झालं. स्टार्टर सेट पंचवीस-तीस डॉलरला मिळतो, त्यात तीन डिस्क येतात आणि वर्षानुवर्षं टिकतात.

अण्णा आणि आई उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी आले होते. तुम्हाला माहितीये इथे आलेल्या आईवडिलांचं काय होतं, गाडी चालवत नाहीत, बाहेर बस नाही, दिवसभर घरात, संध्याकाळी सबडिव्हिजनला एक चक्कर आणि मग वॉशिंग मशीन लावू का गं. एका शनिवारी सकाळी दोघांना कॅम्पसवर घेऊन गेलो. अण्णा बहात्तर वर्षांचे, गुडघ्याचं दुखणं. पहिल्या फेकीला डिस्क वर आकाशात गेली आणि जवळजवळ जागेवरच परत आली. सगळ्या नवशिक्यांचं हेच होतं, पुढची कड वर उचलली जाते. माझ्या अकरा वर्षांच्या लेकीने त्यांना शिकवलं, "आजोबा, ताटात आमटी आहे असं समजा, सांडायची नाही." ती यूट्यूबवर क्रिस्टिन टाटारच्या मॅचेस बघते, एस्टोनियाची खेळाडू, २०२२ आणि २०२३ ची वर्ल्ड चॅम्पियन, त्यामुळे घरात आता तीच कोच. अण्णांनी ताट सपाट धरलं आणि डिस्क सरळ गेली. फार नाही, ऐंशी-नव्वद फूट असेल. पण सरळ गेली! मग काठी आईंकडे दिली आणि पुढचे सगळे होल काठीशिवाय चालले, आई मागून ओरडतायत, "अहो सावकाश!"

आईंनी आधी साफ नाही म्हटलं होतं, मी बाकावर बसते, तुम्ही खेळा. पाचव्या होलला मी नुसता पट (बास्केटमध्ये टाकायची जवळची फेक) मारायला दिला, बास्केटपासून दहा-बारा फुटांवरून. साखळ्या खणकन वाजल्या. त्यानंतर प्रत्येक होलचा शेवटचा पट आईच मारणार असं ठरून गेलं, कुणी ठरवलं कळलं नाही. नियमाप्रमाणे दहा मीटरच्या आतून पट मारला की तोल सांभाळून उभं राहायचं असतं, मार्करच्या पुढे पाय टाकायचा नाही, आई प्रत्येक वेळी फेकून दोन पावलं पुढे जायच्या आणि लेक म्हणायची फॉल्ट आजी, आणि आई म्हणायच्या गेला खड्ड्यात तुझा फॉल्ट, आत पडली ना?

आता सांगा, जंगलातल्या पाचशे फुटी होलवर हे झालं असतं?

मला हे एवढं लागण्याचं कारण जुनं आहे. मी शिकले त्या कॉलेजचं मैदान केवढं होतं, आजही कुठे मोठं ग्राउंड बघितलं की तेच आठवतं. आणि त्या मैदानावर आम्ही मुलींनी चार वर्षांत काय केलं? कडेकडेने चाललो. मधे क्रिकेटची तीन पिचं, ती ज्यांना चांगलं खेळता येतं त्यांची. येत नसेल तर शिकायला जागा नाही, आणि शिकायला जागा नाही म्हणून कधी आलंच नाही. कुणी आम्हाला हाकललं नाही, तसं म्हणणं अन्यायाचं होईल. फक्त तिथे आमच्यासारखीने जाऊन करायचं काय, असं काही नव्हतं. त्यामुळे ‘लहान मुलांचा’, ‘बायकांचा’, ‘म्हाताऱ्यांचा’ असली विशेषणं ऐकली की माझं डोकं फिरतं. लहान मुलं, बायका आणि म्हातारे काढून टाकले की उरतात किती जण? आणि जे उरतात त्यांच्यासाठी आधीच सगळं आहे.

बरं, दुसरी बाजू पण खरी आहे, ती लिहायलाच हवी. ज्याचा हात तीनशे-साडेतीनशे फूट जातो त्याला इथे काही मजा नाही, दोन राउंडमध्ये कंटाळेल. सेमिस्टर चालू असताना आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी जाऊ नका, वर्ग सुटला की माणसांचा पूर येतो आणि नुसतं उभं राहावं लागतं. सातव्या होलची बास्केट इमारतीच्या काचेच्या भिंतीला जरा जास्तच जवळ आहे, ती हलवायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. आणि काही उत्साही पोरं ‘फोर!’ (म्हणजे ‘सांभाळा!’) न ओरडता फेकतात, कडक प्लास्टिकची दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमची डिस्क डोक्याला लागली तर गंमत नाही. पण ह्यातलं एकही कारण ‘सोपा आहे’ हे नाही, लक्षात घ्या.

उलट ज्यांना अवघड हवंय त्यांच्यासाठी हॉर्नेट्स नेस्ट पार्क आहे की, बाकी पण डझनभर आहेत शार्लटभर. अवघड कोर्सची इथे टंचाई नाहीये. टंचाई आहे ती अशा कोर्सची, जिथे फॉर्मल बुटातला प्रोफेसर आणि स्ट्रोलर ढकलणारी आई एकाच सकाळी खेळून जाऊ शकतात. त्यातून बसवायला खर्च तो किती? एक पक्की बास्केट साधारण चार-पाचशे डॉलरला येते, जमीन सपाट करावी लागत नाही, झाड तोडावं लागत नाही, झाड असेल तर उलट चांगलं. आपल्याकडे पुणे विद्यापीठाचा चारशे एकरांवरचा झाडीतला परिसर आठवा, त्याच्या एका कोपऱ्यात नऊ बास्केट कुणाच्या डोळ्यावरही येणार नाहीत. तिकडे अल्टिमेट फ्रिस्बी खेळणारी मुलं-मुली आहेतच, म्हणजे डिस्क ही वस्तू कुणाला नवीन नाही. फक्त अल्टिमेटला पळावं लागतं, ह्याला चालावं लागतं.

आणि एक राहिलंच, डिस्कच्या मागे मार्करने नाव आणि फोन नंबर लिहायची इथे पद्धत आहे. लेकीची गुलाबी पटर आठव्या होलच्या हेजमध्ये गेली होती, अंधार पडायला आला म्हणून सोडून आलो, ती दोन दिवस हिरमुसलेली. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, कॉलेजच्या ग्राउंड्स क्रूमधल्या एका काकांचा, हेज कापताना सापडली, पहिल्या टीच्या बोर्डामागे ठेवलीय. होती तिथेच, पुसून ठेवलेली.

तर शार्लटवाल्यांनो, शनिवारी सकाळी आठला आम्ही असतो, उन्हाळ्यात साडेसातला, कारण दहानंतर भाजून निघतं. कुणाचे आईबाबा आले असतील तर त्यांना जरूर आणा, आमच्याकडे जास्तीच्या पटर आहेत. पाणी आणि टोपी आपापली. ऑफिसवाले साहेब, तुम्ही पण या, डिस्ट्रॉयर गाडीत ठेवून. यायचं असेल त्यांनी कमेंट करा, लोकेशन इनबॉक्समध्ये पाठवते.