खोकडाला शिवल्याने ‘गोचिडीचे परजीवी’ लागत नाहीत

‘खोकडाच्या रक्तात गोचिडींनी सोडलेले परजीवी असतात, त्याला नुसतं शिवलं तरी माणसाला लागण होते,’ असा मेसेज फिरतो आहे. यातला पहिला भाग खरा. युरोपातल्या लाल खोकडांत बबेसिया व्हल्पिस आणि हेपाटोझून कॅनिस हे रक्तातले दोन सूक्ष्म परजीवी सर्रास सापडतात; बहुतेक खोकडं तरीही ठणठणीत दिसतात. स्पर्शाने मात्र हे पसरत नाहीत. हेपाटोझूनची लागण तर गोचीड चावल्यानेही होत नाही, बाधित गोचीड गिळली गेली तर होते (जनावर स्वतःचं अंग चाटता-चावताना ती सहज पोटात जाते). खरी काळजी पाळीव कुत्र्यांची: या बबेसियाने त्यांना रक्तक्षय होतो, मूत्रपिंडंही बिघडू शकतात. म्हणून कुत्र्याच्या अंगावरच्या गोचिडींचा बंदोबस्त करा. रानातल्या खोकडाला हात लावू नयेच, पण त्याचं कारण रेबीज.