एफडी मोडा, एफडीए धरा

बँकेतली एफडी आधी मोडा. साडेसहा-सात टक्क्यांवर समाधान मानणारा माणूस पुढच्या जन्मी पोस्टाचे रिकरिंग खाते होतो, असे शास्त्रात कुठेतरी असणारच. त्याऐवजी एफडीच्या शेपटाला एक 'ए' जोडा. नव्या औषधाला विक्रीची मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएच्या दारात ज्या कंपन्या अर्ज करून ताटकळत बसल्या आहेत, त्यांचे शेअर घ्या. रिझर्व्ह बँक माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर परदेशी पाठवू देते. बुडवायला तेवढे पुष्कळ झाले.

एक पथ्य मात्र पाळायचे. औषध कोणत्या रोगावर आहे ते वाचायचे नाही. वाचले की रोग्याची कीव येते, आणि कीव आली की स्टॉप लॉस, म्हणजे भाव अमुक खाली गेला की आपोआप विकायचा हुकूम, लावायचा राहतो. नाव उच्चारता येत नसेल तर औषध चांगले. शेवटी 'मॅब' (प्रयोगशाळेत घडवलेल्या अँटिबॉडीची खूण) असेल तर फारच चांगले.

पाहायची ती फक्त तारीख. कंपन्यांनी फी भरायची आणि एफडीएने ठरल्या मुदतीत उत्तर द्यायचे, असा व्यवहार १९९२च्या पीडीयूएफए कायद्याने ठरला. साध्या अर्जाला १० महिने, तातडीच्याला ६. औषध अगदीच नवे असेल तर हे घड्याळ अर्ज आल्यावर ६० दिवसांनी सुरू होते. त्यातून निघते ती पीडीयूएफए डेट. हॉल बुक झाला की नवरा मुलगा कसा आहे हे कोणी विचारत नाही, तसेच इथे.

तारखेआधी कौल लावतात. कोकणात देवाच्या अंगाला चिकटवलेली पाकळी उजवीकडची पडली की काम फत्ते. तिकडे हे काम तज्ज्ञांच्या सल्लागार समितीकडे असते, फरक एवढाच की समितीचा कौल देवावर बंधनकारक नसतो. बायोजेनचे अल्झायमरवरचे ॲड्युकॅनुमॅब घ्या (मॅब आहे, पाहिलेत ना?). हाती काही लागायचे लक्षण नाही म्हणून मार्च २०१९ मध्ये कंपनीनेच चाचण्या थांबवल्या. शेअर एका दिवसात २९ टक्के खाली. ऑक्टोबरात आकडे पुन्हा मांडले, तर दोनपैकी एका चाचणीत जास्त डोसवाल्यांना गुण दिसला. २६ टक्के वर. ४ नोव्हेंबर २०२० ला एफडीएच्या अधिकाऱ्यांचे गोडगोड टिपण बाहेर आले. ४४ टक्के वर. दोन दिवसांनी समिती बसली. ती एक चाचणी गुणाचा मुख्य पुरावा म्हणून धरावी का, या प्रश्नावर होकार शून्य. सोमवारी २८ टक्के खाली. आणि ७ जून २०२१ ला एफडीएने मंजुरी दिली. ३८ टक्के वर! समितीतल्या तिघांनी राजीनामे दिले, पण राजीनाम्यावर ट्रेडिंग होत नाही.

पुढे काय झाले ते तुमच्या कामाचे नाही, तरी सांगतो. वर्षाला ५६,००० डॉलर ही किंमत सहा महिन्यांत निम्म्यावर आली. मेडिकेअरने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी ज्येष्ठांच्या आरोग्य विम्याने, चाचणीतल्या रुग्णांपुरतेच पैसे देऊ म्हटले. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने औषध गुंडाळले. या साऱ्या उड्या लक्षात ठेवायला स्मरणशक्ती मात्र शाबूत हवी.

एफडीएचे 'नाही' फार सुसंस्कृत असते. त्या पत्राला कंप्लीट रिस्पॉन्स लेटर म्हणतात. आपल्याकडे 'मुलगी छान आहे हो, पण पत्रिका जुळत नाही' म्हणतात, तसेच. कंपनी लगेच कळवते की एफडीएशी विधायक चर्चा सुरू आहे. हे वाचल्यावर सरासरी भाव खाली आणण्यासाठी आणखी शेअर घ्यावेत. गृहकर्जाचा हप्ता महिनाभर थांबतो.

होकार आला तरी हुरळू नका. भाव चढला की त्याच संध्याकाळी नवे शेअर विकायला काढायची कंपन्यांना खोडच असते. डेंड्रिऑनच्या कर्करोगावरच्या उपचाराला एप्रिल २०१० मध्ये मंजुरी मिळाली, किंमत ९३,००० डॉलर, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात. म्हणजे मंजुरी हा निव्वळ मध्यंतर.

आतली बातमी मिळाली तर? डिसेंबर २००१ मध्ये इमक्लोन कंपनीच्या औषधाचा अर्ज परत आल्याचे जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी, टीव्हीवर घरसंसार शिकवणाऱ्या मार्था स्ट्युअर्टबाईंनी तिचे ३,९२८ शेअर विकले. सुमारे ४५,००० डॉलर वाचले. चौकशीत खोटे बोलल्याबद्दल पाच महिने तुरुंगात काढावे लागले. गंमत म्हणजे बाईंचा खटला चालू असतानाच, फेब्रुवारी २००४ मध्ये, त्या औषधाला मंजुरी मिळाली. नुसत्या बसून राहिल्या असत्या तरी चालले असते. पण बसून राहायचे असेल तर एफडी काय वाईट होती?

निकाल बरेचदा तिकडचा बाजार बंद झाल्यावर येतो. म्हणजे आपल्याकडे रात्रीचे दीड, थंडीत अडीच. बायकोला उठवू नका. उशाशी तांब्याभर पाणी आणि ॲसिडिटीची गोळी ठेवा. ती केव्हाच मंजूर झालेली आहे.