वजनं नंतर, आधी मोजपट्टी दाखवा

शहर वाहतुकीच्या अहवालात हल्ली एक तक्ता हमखास भेटतो. डावीकडे पर्याय: उड्डाणपूल, बसची राखीव मार्गिका, पार्किंग शुल्क. वरच्या बाजूला निकष: प्रवासाचा वेळ, खर्च, अपघात, धूर. प्रत्येक निकषाला टक्क्यांत वजन आणि तळाशी ठळक अक्षरात विजेता. याला बहुनिकष निर्णय विश्लेषण म्हणतात. मी या पद्धतीच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. सगळंच पैशात मोजायच्या हट्टापेक्षा हे बरं, कारण अपघातातला जीव आणि वाचलेली मिनिटं निदान वेगवेगळ्या रकान्यांत दिसतात.

पण बैठकीत भांडण होतं ते वजनांवरून. ‘वेळेला 60 कशाला? 50 करा.’ मग धूरवाले उठतात, खर्चवाले उठतात. मला हे भांडण हवेतलं वाटतं. वेळ महत्त्वाचा की धूर, या प्रश्नाला उत्तरच नाही. किती वेळ? किती धूर?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. उड्डाणपुलाने प्रवास 20 मिनिटांचा होतो, धुराचं माप 80. बस मार्गिकेने 21 मिनिटं, धूर 60. वजनं ठरली: वेळ 60, धूर 40. नेहमीची रीत अशी की प्रत्येक निकषात सगळ्यात वाईट पर्यायाला 0 आणि सगळ्यात चांगल्याला 100 गुण. म्हणजे वेळेत पुलाला 100, बसला 0. धुरात उलट. बेरीज: पूल 60, बस 40. पूल जिंकला. कशाच्या जोरावर? एका मिनिटाच्या! त्या एका मिनिटाने 60 टक्के वजन गिळलं.

आता याच तक्त्यात तिसरी ओळ घाला, ‘काहीच न करणे’: 30 मिनिटं, धूर 80. ही ओळ जिंकणार नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण वेळेची पट्टी आता 20 ते 30 अशी ताणली गेली. पुलाला 100, बसला 90. धुरात बसला 100, बाकी दोघांना 0. पुन्हा बेरीज: पूल 60 वरच, बस 94. वजनांना कोणी हातही लावला नाही. तिसरा पर्याय स्वतः हरला, पण जाता जाता राजा बदलून गेला.

म्हणून टक्के विचारण्याआधी विचारायचं असतं ते हे: 30 मिनिटांवरून 20 वर येणं आणि धूर 80 वरून 60 वर येणं, यातली कुठली उडी तुम्हाला आधी हवी? असं विचारलं की सामान्य माणूसही नीट उत्तर देतो. नुसतं ‘पर्यावरणाला किती टक्के’ विचारलं तर तो चारचौघांत शोभेल असं उत्तर देतो. मीही तेच करतो.

थॉमस साटी यांची एएचपी ही वजनं ठरवायची पद्धत तर अनेकांना फार आवडते. निकष दोन-दोन करून 1 ते 9 अंकांत तोलायचे आणि सुसंगती गुणोत्तर (आपल्याच तुलना एकमेकींना किती छेद देतात त्याचं माप) 0.10 च्या आत आलं की सुटकेचा निःश्वास टाकायचा. पण सुसंगत म्हणजे बरोबर नव्हे. शिवाय 1983 मध्ये बेल्टन आणि गिअर यांनी दाखवलं होतं की एखाद्या पर्यायाची हुबेहूब नक्कल तक्त्यात घातली तरी या पद्धतीत क्रम उलटू शकतो.

दुसरी चलाखी जास्त साधी आहे. प्रवासाचा वेळ, सरासरी वेग, कोंडी असे तीन निकष लावायचे. एकच गोष्ट तीन टोप्या घालून तीनदा मत देते. ही मात्र रकाने वाचूनच पकडता येते.

आणि बेरजेत एक गोष्ट दडते. पादचाऱ्यांसाठी जीवघेणा असलेला पर्याय वेगाच्या गुणांवर वर येऊ शकतो. फ्रान्सच्या बर्नार रॉय यांच्या इलेक्ट्र घराण्यातल्या पद्धतींत नकाराधिकाराची सोय म्हणूनच आहे: एखाद्या निकषावर फरक फारच मोठा असेल तर बाकी गुणांनी भरपाई होत नाही. वाहतुकीत हीच सोय सर्वांत आधी लागते आणि आपण सरळ बेरीज करत बसतो, कारण एक्सेलमध्ये ती सोपी.

‘लोकांची स्वीकृती’ हा रकाना तर मला नेहमी गंमतीचा वाटतो. स्टॉकहोममध्ये 2006 साली जानेवारीपासून गर्दी शुल्काची, म्हणजे कोंडी कमी करायला शहराच्या मध्यभागी येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवर लावलेल्या शुल्काची, सात महिने चाचणी झाली. आधी बहुसंख्य लोक विरोधात होते. शुल्क हद्दीवरची वाहतूक सुमारे 20 टक्क्यांनी घटली, आणि सप्टेंबरमधल्या सार्वमतात शहरवासीयांनी कौल बाजूने दिला. 2007 मध्ये शुल्क कायम झालं. त्या रकान्यात जानेवारीचा आकडा टाकायचा की सप्टेंबरचा?

कोणाकडे असा तक्ता असलेली फाइल असेल, तर ‘काहीच न करणे’ ही ओळ घालून बघा आणि खाली कमेंटमध्ये टाका. आधीपासून असेल, तर ती काढून बघा.