अनुभव आणू कुठून, पाळण्यातून?

कपड्यांच्या दुकानात घड्या घालायला पोरं हवीत. पगार किती, ते 'भेटीत सांगू'. पण रेझ्युमे आणा, आणि त्यात अनुभव हवा. अहो, अठरा पूर्ण होऊन महिना झालाय! बारावीचं मार्कशीट अजून लॅमिनेटसुद्धा झालेलं नाही. अनुभव कशाचा लिहू? गणपतीत वर्गणी गोळा केल्याचा? की दादाच्या लग्नात तीनशे पानं वाढल्याचा?

मग झेरॉक्सवाल्याकडे जा. त्याच्या कॉम्प्युटरवर एकच साचा, बहुतेक फ्लॉपीच्या काळातला. त्यात वडिलांचं नाव, जात, धर्म, वैवाहिक स्थिती. घड्या घालायला माझं लग्न झालंय का, हे कशाला हवं? छंद : वाचन, संगीत, क्रिकेट. अख्ख्या गल्लीचे छंद हेच! वर इंग्रजीत 'आव्हानात्मक वातावरणात कंपनीच्या प्रगतीला हातभार लावण्याचं' माझं ध्येय. माझं ध्येय मोबाईलचा रिचार्ज आणि बसचा पास आहे हो!

घरात आणखी वेगळंच. बाबा म्हणतात, एमएस-सीआयटी लिही. २००१ पासून सगळा महाराष्ट्र तेच लिहितोय. आत्या म्हणते, टायपिंग कर, मिनिटाला मराठी ३० शब्द, इंग्रजी ४०. काका म्हणतात, एका पानात बसव. बसवायला काही आहे का आधी? अर्धं पान तर पत्त्यानेच भरलंय.

आणि तळाला ते प्रतिज्ञापत्र : 'वरील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे सत्य आहे.' वाचन हा छंद धरून?